पहिला पेपर जर्नलला पाठवताना: ठेच लागलेल्या बाईचे चार शब्द

यवतमाळ जिल्ह्यातल्या विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यातलं फ्लोराइड हा माझ्या पीएचडीचा विषय. ४८ ठिकाणं, उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा घेतलेले नमुने, एसटीच्या मागच्या सीटखाली ठेवून आणलेले कॅन. ते सगळं निभावलं. मग पहिला पेपर लिहायला बसले आणि तो छापून यायला १४ महिने लागले. मध्ये तो तीनदा परत आला. तुमचं फ्लोराइड चुकलंय, असं तिन्ही वेळा कुणीच म्हणालं नाही. एकदा जर्नल चुकलं होतं, एकदा फाईल अपुरी होती आणि एकदा आकृत्यांमधली अक्षरंच वाचता येत नव्हती.

आमच्या कॉलेजात विचारायला कुणी नव्हतं. गाईड सर मनाने मोठे, पण त्यांचे पेपर टाइप करून, तीन प्रती काढून टपालाने गेलेले. "ते ऑनलाइनचं तेवढं तूच बघ," म्हणाले. बघितलं. जे कळलं ते इथे लिहितेय. उदाहरणं माझ्या विषयातली, पाण्याची आहेत. तुमचा विषय वनस्पतीशास्त्र असो की मटेरियल सायन्स, खड्डे बहुतेक तेच आहेत.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जर्नलचे नियम पाठ करायला गेलात तर डोकं फिरेल. त्याऐवजी तुमची फाईल कोण कोण उघडणार ते डोळ्यांपुढे आणा. पहिल्यांदा संपादकीय कार्यालयातला एक कर्मचारी, जो फक्त सगळं आहे की नाही एवढं बघतो. मग साम्य शोधणारं सॉफ्टवेअर. मग संपादक, ज्याच्याकडे त्या दिवशी आणखी बरेच पेपर आलेले असतात. मग दोन-तीन रिव्ह्यूअर, म्हणजे त्याच विषयातले तपासणारे, जे स्वतःची नोकरी सांभाळून, बहुधा बिनपैशाने, रात्री वाचायला बसतात. आणि शेवटी पानं लावणारा माणूस. प्रत्येक नियम यांच्यापैकी कुणाच्या तरी सोयीसाठी आहे. कुणाच्या ते कळलं की नियम आपोआप लक्षात राहतो.

सुरू करण्याआधी हे जमवा

- निवडलेल्या जर्नलच्या ऑथर गाइडलाइन्स, पीडीएफ करून. वेबसाइटवर त्या बदलत राहतात.
- सगळ्या लेखकांचे ऑर्किड क्रमांक (संशोधकाची ऑनलाइन ओळख) आणि शक्यतो संस्थेचे ईमेल.
- मूळ निरीक्षणांची एक्सेल फाईल, कुणीही न छेडलेली.
- आकृत्यांच्या मूळ फायली, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढल्या त्यातल्याच.
- अनुदान मिळालं असेल तर मंजुरीपत्र आणि त्यावरचा क्रमांक.
- लागू असेल तर नैतिकता समितीचं परवानगीपत्र.
- झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर. झोटेरो फुकट आहे.
- सगळ्या सहलेखकांची ईमेलवर लेखी संमती. फोनवरचं "हो हो, टाक" पुरत नाही.

नैतिकता समितीबद्दल इथेच बोलते. पाण्याच्या नमुन्यांना ती लागत नाही. पण गावात गेलातच आहात म्हणून शाळेतल्या मुलांच्या दातांवरचे डागही नोंदवले, तर तो माणसांवरचा अभ्यास झाला आणि त्याला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी हवी. ती काम सुरू होण्याआधीची हवी. मागच्या तारखेने ती मिळत नाही आणि मिळाली तर घेऊ नये. प्राण्यांवरच्या प्रयोगांचंही तसंच. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी.

१. जर्नल आधी, लिखाण नंतर

मी उलटं केलं होतं. पेपर पूर्ण लिहिला, मग जर्नल शोधलं. तीन दिवसांत परत. संपादकाने दोन ओळींत कळवलं की आम्ही एका जिल्ह्यापुरता पाहणी-अहवाल छापत नाही. खरं तर हे त्यांच्या स्कोपमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं.

सोपा मार्ग असा: तुम्ही स्वतः जे १५-२० पेपर सर्वांत जास्त वापरलेत ते कुठे छापून आलेत ते बघा. त्यातली दोन-तीन जर्नल पुन्हा पुन्हा दिसतील. त्यांचे गेल्या दोन वर्षांतले अंक चाळा. तुमच्यासारखं काम, तुमच्याएवढ्या नमुन्यांचं, तिथे छापलंय का? नसेल तर पुढचं जर्नल.

आता सापळा. तुम्हाला व्हॉट्सॲपवर निरोप येतील: 'तीन दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन असलेलं आंतरराष्ट्रीय जर्नल, सर्टिफिकेट मोफत.' आयएसएसएन हा निव्वळ नोंदणी क्रमांक आहे. त्यावरून दर्जा कळत नाही. इम्पॅक्ट फॅक्टरही (जर्नलचे पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा) कुणीही स्वतःच्या वेबसाइटवर छापतं. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे संशोधन-पेपरांचे मोठे डेटाबेस. स्कोपसची जर्नलयादी आणि वेब ऑफ सायन्सची मास्टर लिस्ट दोन्ही फुकट बघता येतात. नाव तिथे शोधा. आणि जर्नलच्या वेबसाइटवर जायचं ते या याद्यांमधून किंवा प्रकाशकाच्या पानावरून. चांगल्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब बनावट साइट उभ्या केल्या जातात. गुगलवर पहिली दिसली म्हणून ती खरी, असं समजू नका.

'यूजीसी-केअर'च्या मान्य जर्नलांच्या यादीबद्दल अजून विचारणा होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालणारी ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आहे. पीएचडीसाठी पेपर छापण्याची देशभरची सक्तीही यूजीसीच्या २०२२च्या नियमांत उरली नाही. पण तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो. पीएचडी विभागातून तो लेखी घ्या.

पैशांचं. ओपन अ‍ॅक्सेस (वाचकाला फुकट) जर्नलमध्ये छापायची फी, म्हणजे एपीसी, कित्येकदा लाखाच्या पुढे जाते. गरीब देशांसाठी जी माफी असते त्या यादीत भारत बहुतेक ठिकाणी नसतो. घाबरू नका: बरीच जर्नल हायब्रिड, म्हणजे फी आणि वर्गणी दोन्ही पर्याय देणारी, असतात. वर्गणीचा पर्याय (पैसे वाचणारा देतो तो) निवडला तर लेखकाला बहुधा काही द्यावं लागत नाही. फक्त फॉर्ममध्ये 'ओपन अ‍ॅक्सेस' या खुणेवर चुकून टिचकी मारू नका. माझ्या एका मैत्रिणीने मारली होती. बिल आल्यावर महिनाभर ईमेल-ईमेल खेळत बसली.

२. नावं: कुणाची, कोणत्या क्रमाने, कशी लिहिलेली

हे शेवटी ठरवू म्हणाल तर भांडण ठरलेलं. पहिल्या आठवड्यातच ठरवा.

लेखक कोण? वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीने, आयसीएमजेईने, चार अटी घातल्यात आणि इतर विषयांतही त्या मानल्या जातात: कामात खरा वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. 'प्राचार्यांचं नाव टाकायचं का?' हा प्रश्न आपल्याकडे कायम येतो. त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली दिली असेल तर आभारात नाव घ्या. लेखकांत नाही. हे बोलणं अवघड असतं हे मला माहीत आहे. मी जर्नलचा लेखक-योगदानाचा तक्ता छापून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सर, यातलं कोणतं काम तुमच्या नावापुढे लिहू?" प्रश्न मिटला.

आता नाव लिहिण्याची पद्धत. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. त्याच क्रमाने पेपरवर लिहिलंत तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो आणि तुमचं काम जगभर तुमच्या वडिलांच्या नावाने उद्धृत होतं. विनोद नाही, डेटाबेसमध्ये असे कितीतरी लेखक सापडतात. नाव आधी, आडनाव शेवटी. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर पहिल्या पेपरआधीच निर्णय घ्या. मी एक परिषदेचा पेपर माहेरच्या आडनावाने छापला होता, जर्नलचा सासरच्या. दोन्ही एकाच बाईचे आहेत हे सांगणारी एकच जागा म्हणजे ऑर्किड: १६ अंकी, फुकट, पाच मिनिटांत मिळणारा क्रमांक.

संस्थेचं नावही एकच ठरवा. विद्यापीठांची आणि शहरांची नावं आपल्याकडे बदलत आलीत. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. तिघा सहलेखकांनी एकाच विद्यापीठाचं नाव तीन स्पेलिंगने लिहिलं की संस्थेच्या खात्यावर पेपर लागत नाही. विद्यापीठाच्या लेटरहेडवर जे इंग्रजी नाव आहे तेच वापरा.

३. आकडे आणि तक्ते

मजकुराआधी हे. तक्ते आणि आकृत्या पक्क्या झाल्या की पेपर निम्मा लिहून झाला असं माझं मत आहे. रिव्ह्यूअरही आधी तेच उघडतो.

एक्सेलवर अंधविश्वास नको. मारेगाव तालुक्यातल्या नमुन्यांना मी इंग्रजी तीन अक्षरं, डॅश आणि क्रमांक असे संकेत दिले होते. पाचव्या नमुन्याचा संकेत टाइप केला आणि एक्सेलने मारेगावचा मार्च करून ५ मार्च ही तारीख बसवली. पुढचे सगळे तसेच. एकटी मीच यात सापडले नाही. याच खोडीमुळे मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग टाइप करा.

अंक किती स्थळांपर्यंत? उपकरणाने १.४८७२ दाखवलं म्हणून तसंच छापू नका. फ्लोराइड मोजणाऱ्या आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडची तेवढी ऐपत नसते. १.४९ पुरे. जिथे काही सापडलं नाही तिथे शून्य लिहू नका. 'शोधमर्यादेपेक्षा कमी' लिहा आणि ती मर्यादा किती ते सांगा. संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर पी-व्हॅल्यू ०.००० दाखवतं, ती शून्य कधीच नसते. ०.००१ पेक्षा कमी, असं लिहायचं. अधिक-उणे चिन्हापुढचा आकडा मानक विचलन आहे की मानक त्रुटी, हे तक्त्याखाली सांगितलंच पाहिजे.

एककांमध्ये मी स्वतः पडलेला खड्डा: नायट्रेट. 'नायट्रेट म्हणून' आणि 'नायट्रोजन म्हणून' या दोन पद्धतींत सुमारे ४.४ पटींचा फरक आहे. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ मधली ४५ मिग्रॅ प्रति लिटर ही मर्यादा नायट्रेट म्हणून आहे. नायट्रोजन म्हणून तीच साधारण १० होते. कोणत्या पद्धतीने मोजलं ते रकान्याच्या माथ्यावर लिहा. त्याच मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा १.० आणि दुसरा स्रोत नसेल तर चालणारी १.५ आहे. 'मर्यादेपेक्षा जास्त' लिहिताना यातली कोणती मर्यादा, हे न सांगितलेलं वाक्य रिव्ह्यूअर हमखास पकडतो.

पाण्याचं काम करणाऱ्यांसाठी आणखी एक: धन आणि ऋण आयनांचा ताळेबंद (दोन्हींच्या विद्युतभाराची बेरीज जुळते का) स्वतः काढून बघा. पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर निर्धास्त राहा. माझे तीन नमुने १२ ते १४ टक्क्यांवर होते. रिव्ह्यूअरने माझ्याच तक्त्यातून हिशोब काढून दाखवला. बायकार्बोनेटचं टायट्रेशन मी गावात न करता यवतमाळला परतल्यावर दोन दिवसांनी केलं होतं. आधी सांगितलं असतं तर ती मर्यादा झाली असती. त्याने शोधलं म्हणून ती चूक झाली.

तक्ता वर्डच्या टेबलमध्येच करा. त्याचा फोटो चिकटवला तर पानं लावणाऱ्याला सगळे आकडे पुन्हा टाइप करावे लागतात, आणि तिथे १.५ चे १५ होतात. मोठ्या संख्यांमध्ये आपला लाखाचा स्वल्पविराम नको. तीन-तीन अंकांनी तोडा.

४. आकृत्या

माझा पेपर दुसऱ्यांदा परत आला तो इथे. सहलेखकाने नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवला, मी तो उतरवून वर्डमध्ये चिकटवला. व्हॉट्सॲपने एकदा दाबलेलं चित्र वर्डने सेव्ह करताना पुन्हा दाबलं. पडद्यावर छान दिसत होतं. छापून बघितल्यावर गावांची नावं मुंग्यांसारखी.

हिशोब समजून घ्या, मग कुणाला विचारावं लागणार नाही. जर्नलच्या एका रकान्याची रुंदी साधारण ८५ ते ९० मिलिमीटर असते, पूर्ण पानाची १७० ते १९०. फोटोसाठी ३०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) मागतात. ९० मिलिमीटरला ३०० डीपीआय म्हणजे आडवे सुमारे १,०६३ पिक्सेल. १९० ला सुमारे २,२४४. रेघांच्या आलेखांना १,००० किंवा १,२०० डीपीआय मागितलं जातं. त्यापेक्षा आलेख व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषांच्या) स्वरूपात, पीडीएफ किंवा ईपीएसमध्ये काढावा. तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. लहान चित्राचा डीपीआय आकडा सॉफ्टवेअरमध्ये वाढवल्याने त्यात नवीन तपशील येत नाही. दुधात पाणी घालून दूध वाढत नाही, तसंच.

आकृती खऱ्या आकारात, ९० मिलिमीटर रुंद, कागदावर छापा आणि हातभर अंतरावरून वाचा. वाचता येत नसेल तर अक्षर मोठं करा. सात पॉइंटच्या खाली जाऊ नका. लाल-हिरवा रंग एकत्र टाळा, अनेक पुरुषांना तो भेद दिसत नाही आणि तुमचा रिव्ह्यूअर त्यातला असू शकतो.

नकाशा क्यूजीआयएसमध्ये करा, तेही फुकट आहे. कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा टाकायचा असेल तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या वापरा. परदेशी साइटवरच्या फुकट फायलींत जम्मू-काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा अनेकदा अधिकृत नकाशाशी जुळत नाहीत आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. मी शेवटी भारत काढूनच टाकला, महाराष्ट्र आणि त्यात जिल्हा एवढंच ठेवलं. उत्तरेचा बाण आणि अंतराची पट्टी विसरू नका. आणि 'तालुका' म्हणजे काय हे एकदा मजकुरात समजावून सांगा; फिनलंडच्या रिव्ह्यूअरला ते ठाऊक नसतं.

५. मजकूर

छापताना क्रम प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष (रिझल्ट्स), चर्चा असा असतो. लिहिताना तसा लिहू नका. पद्धती आधी, कारण त्या तुम्हाला झोपेतही सांगता येतात. मग निष्कर्ष, मग चर्चा, मग प्रस्तावना. सारांश शेवटी, शीर्षक त्याहून शेवटी.

पद्धती लिहिताना मनात एकच माणूस आणा: उद्या तुमच्या जागी रुजू झालेली मुलगी. तिला फक्त या परिच्छेदांवरून तेच काम करता आलं पाहिजे. बाटली प्लास्टिकची होती की काचेची? फ्लोराइडला हा प्रश्न लागू आहे, काच चालत नाही. गाळणकागद ०.४५ मायक्रॉनचाच होता का? धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलं का? उपकरणाची कंपनी, मॉडेल आणि देश कोणता?

चर्चेत आपला नेहमीचा दोष म्हणजे निष्कर्ष पुन्हा सांगणं. 'फ्लोराइड १.८ होतं' हे एकदा सांगून झालं. ते का होतं आणि दुसऱ्यांना काय आढळलं, एवढंच इथे हवं. मर्यादा स्वतःहून लिहा.

भाषा. मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवताना वाक्य लांबत जातं, कारण आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि तोवर आपण भरत जातो. वीस-पंचवीस शब्दांपुढे गेलेलं वाक्य तोडा. भाषा सुधारणाऱ्या महागड्या सेवांची गरज क्वचितच लागते. इंग्रजी विषयाच्या मॅडमना चहा पाजून दोन तास बसवा.

सारांश बहुतेक ठिकाणी २५० शब्दांत. त्यात निदान दोन आकडे असू द्या. काही प्रकाशक हायलाइट्स मागतात: तीन ते पाच ओळी, प्रत्येकी मोकळ्या जागांसह ८५ अक्षरांत. हे काम पाच मिनिटांचं वाटतं. अख्खी दुपार जाते.

६. संदर्भ

हाताने टाइप करू नका. पहिलं जर्नल नाकारतं, दुसऱ्याची शैली वेगळी असते, आणि ६० संदर्भ पुन्हा मांडताना रात्र संपते. झोटेरोमध्ये शैली बदलणं एका टिचकीचं काम आहे. तरीही यादी डोळ्यांखालून घाला: शीर्षकं सगळी मोठ्या अक्षरांत आलेली असतात, रासायनिक सूत्रांतले खालचे अंक वर आलेले असतात, भारतीय लेखकांची नावं उलटी पडलेली असतात. मागे घेतलेला पेपर तुमच्या यादीत असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवून सावध करतं. ती पट्टी गांभीर्याने घ्या.

प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून बघा. एआयकडून संदर्भ मागवले असतील तर दुप्पट काळजी. ते अस्तित्वात नसलेले पेपर खऱ्या लेखकांच्या नावावर लावून देतं.

७. साम्य तपासणी

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. म्हणून सगळे त्या आकड्यामागे लागतात. संपादक आकड्यापेक्षा अहवालात जुळलेल्या मजकुराचा रंग कुठे लागलाय ते बघतो. पद्धतींमध्ये थोडं साम्य असणारच. चर्चेतला एक सलग परिच्छेद जुळला तर पाच टक्केही जड जातात.

एक खास आपल्याकडचा घोटाळा: प्रबंध शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) चढलेला असतो आणि त्यातल्याच प्रकरणाचा पेपर करताना साम्य ४० टक्के दाखवतं. ती चोरी नाही, पण सॉफ्टवेअरला ते कळत नाही. मजकूर नव्याने लिहा आणि हे काम माझ्या प्रबंधावर आधारित आहे, असं संपादकाला पत्रात आधीच सांगा.

एआय वापरलं असेल तर जाहीर करा. त्याला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण चुकीची जबाबदारी ते घेऊ शकत नाही.

८. फाईल घडवणं

साधा फॉन्ट, दुप्पट ओळअंतर, पानक्रमांक. आणि सलग ओळक्रमांक: वर्डच्या लेआउटमध्ये लाइन नंबर्स, त्यात कंटिन्युअस. रिव्ह्यूअरला 'ओळ २१४' म्हणता आलं पाहिजे.

मायक्रोचं चिन्ह सिम्बॉल फॉन्टमधून घेऊ नका. फॉन्ट बदलला की त्या जागी साधं एम उरतं आणि मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम होतं. हजारपट विष! इन्सर्टमधून खरं युनिकोड चिन्ह घ्या.

ट्रॅक चेंजेस स्वीकारून बंद करा, कॉमेंट पुसा. गाईडने कडेला लिहिलेलं 'हे पटत नाही, पण चालेल' संपादकापर्यंत गेलेलं मी पाहिलंय. लेखकांची नावं झाकून तपासणी करणारं जर्नल असेल तर पहिलं पान वेगळं, आभार वेगळे, आणि इन्स्पेक्ट डॉक्युमेंटमधून फाईलच्या पोटातलं नावही काढा. पद्धतींमधलं 'आमच्या महाविद्यालयात' राहून जातं, तेही बघा.

पहिल्या वेळी कुठल्याही मांडणीत चालेल, असं काही प्रकाशक आता म्हणतात. म्हणत असतील तर त्यांच्या शैलीपायी रात्र जागवू नका.

९. पत्र आणि रिव्ह्यूअरची नावं

कव्हर लेटर एका पानाच्या आत. काय विचारलं, काय सापडलं, या जर्नलच्या वाचकाला त्याचं काय, आणि हे दुसरीकडे पाठवलेलं नाही. स्तुती नको. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं असतं. दोन दगडांवर पाय ठेवलात तर दोन्हीकडून काळ्या यादीत जाल. आणि पत्रात आधीच्या जर्नलचं नाव राहिलं नाही ना, ते बघा. (हो, माझं राहिलं होतं.)

रिव्ह्यूअर सुचवायला सांगतात तेव्हा गाईडचे मित्र, सहलेखक, त्याच विद्यापीठातले लोक टाळा. ईमेल संस्थेचा द्या. २०१५ मध्ये स्प्रिंगरने बनावट रिव्ह्यूअरमुळे ६४ पेपर मागे घेतले. लेखकांनी सुचवलेल्या नावांपुढचे ईमेल पत्तेच खोटे होते. तेव्हापासून जीमेलचा पत्ता दिसला की संपादक दचकतो.

१०. अपलोडचा दिवस

दोन-तीन तास मोकळे ठेवा आणि वीज जाणार नाही अशा ठिकाणी बसा. फायलींना इंग्रजीत साधी नावं द्या. 'फायनल फायनल २' नको. फॉर्ममध्ये सारांश चिकटवल्यावर वरचे-खालचे अंक सपाट होतात, ते तिथेच दुरुस्त करा. डेटा कुठे मिळेल, हितसंबंध, अनुदान, योगदान ही निवेदनं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवा. डेटा झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवायच्या साइटवर) ठेवला तर त्यालाही डीओआय मिळतो.

शेवटी सिस्टीम एक जोडलेली पीडीएफ बनवते. ती उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मान्यतेचं बटण दाबू नका. आणि बटण दाबावंच लागतं. मी फायली चढवून निर्धास्त झाले होते. पेपर तीन आठवडे माझ्याच खात्यात मंजुरीची वाट बघत पडला होता.

११. उत्तर आल्यावर

'मेजर रिव्हिजन' (मोठे बदल करून पुन्हा पाठवा) वाचून रडू येतं. ती चांगली बातमी आहे. एक दिवस फाईल उघडू नका. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, खाली उत्तर आणि बदललेल्या ओळीचा क्रमांक. पटलं नाही तर सभ्यपणे, आकड्यांनिशी नाही म्हणा. ताळेबंदाच्या शेऱ्यावर मी ते तीन नमुने वगळून पुन्हा विश्लेषण केलं, दोन्ही निकाल शेजारी ठेवले आणि कारण स्पष्ट लिहिलं. पेपर त्या उत्तरावर स्वीकारला गेला असं मला वाटतं. मुदत पुरत नसेल तर आधी मागा, बहुतेक मिळते.

स्वीकारल्यावर काही दिवसांत प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, येतं, बहुधा ४८ तासांची मुदत घेऊन. जगभरच्या जर्नलांची पानं मोठ्या प्रमाणावर चेन्नई आणि पुद्दुचेरीत लागतात, त्यामुळे प्रश्न विचारणारी मुलगी तुमच्यासारखीच दुपारचा डबा खाऊन बसलेली असते. तिला मराठी गावं ठाऊक नसतात. नवं वाक्य घालायची ही वेळ नाही. नावं, आकडे, एककं, तक्त्यांचे माथे आणि आकृत्यांखालचा मजकूर एवढंच बघा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला सांगून बघा. मी वाचत होते आणि नवरा मूळ फाईल धरून बसला होता. तक्ता क्रमांक २ मध्ये मारेगावचं मोरगाव झालेलं त्याने पकडलं.